मनोरुग्णालयातून घरापर्यंत: क्लिनिकल सोशल वर्कर कसा घडतो?

महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीचं रुग्णालय १८८६ सालचं. चौघांत ते सर्वात लहान. येरवड्याच्या मंजूर खाटा २,५४०, ठाण्याच्या १,८५०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून तर इथे रुग्ण येतातच, शिवाय घाटावरून, कोल्हापूरकडूनही येतात.

ठाण्याला किंवा येरवड्याला ‘पाठवायची’ भाषा आपल्याकडे थट्टेत सहज होते. पाठवण्याबद्दल सगळेच बोलतात, पण तिथून परत येण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माणूस बरा होऊन घरी येतो तेव्हा नेमकं काय घडतं? त्याला घरात घ्यायला कोण तयार असतं? गोळ्या कोण देतं? पुन्हा त्रास सुरू झाला, तर तो आधी कुणाच्या लक्षात येतो? या प्रश्नांची उत्तरं शोधणं हा ज्यांच्या व्यवसायाचा भाग आहे, ते क्लिनिकल सोशल वर्कर. हे काम काय असतं, त्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्याला काय शिकावं लागतं आणि या शिक्षणाची वाट सध्या का बदलते आहे, ते समजून घेऊ.

समाजसेवक आणि सोशल वर्कर यांत फरक काय?

आपल्याकडे ‘समाजसेवक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गणपतीच्या मंडपाबाहेरच्या फलकावर हात जोडून उभे असलेले निम्मे लोक समाजसेवकच असतात. त्यामुळे ‘मी सोशल वर्क शिकतेय’ असं एखाद्या मुलीने सांगितलं, की नातेवाईक विचारतात, ‘ते ठीक, पण पोटापाण्याचं काय?’

सोशल वर्क हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याची पदवी म्हणजे बीएसडब्ल्यू आणि पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू. या व्यवसायात अनेक शाखा आहेत. कुणी गावविकासात जातं, कुणी कामगार कल्याणात, कुणी बालहक्कांच्या कामात. आजारी माणूस, त्याचं कुटुंब आणि त्याची परिस्थिती यांच्याबरोबर उपचाराच्या अंगाने काम करणारी शाखा म्हणजे क्लिनिकल सोशल वर्क. आपल्या विद्यापीठांत ती बहुधा ‘वैद्यकीय व मनोविकृती सामाजिक कार्य’ या नावाने शिकवली जाते.

मनोरुग्णालयात तीन वेगवेगळी माणसं एकाच रुग्णाकडे बघतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. निदान आणि औषधं ही त्याची जबाबदारी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. सोशल वर्कर तिसऱ्या बाजूने बघतो: हा माणूस कोणत्या घरातून आला, तिथे त्याचं स्थान काय होतं, घरात कमावतं कोण, आजाराबद्दल घरच्यांची समजूत काय, आणि तो परत जाईल तेव्हा तिथे काय बदललेलं असायला हवं? समुपदेशन तोही करतो, पण त्याच्यासमोर एकटा रुग्ण कधीच नसतो. त्याच्यामागचं सगळं घर असतं.

हे काम सुरू कुठे झालं?

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. रिचर्ड कॅबट यांना एक गोष्ट खटकत होती. औषध लिहून दिलेला रुग्ण पुन्हा त्याच कोंदट खोलीत, त्याच उपासमारीत परत जात होता. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयात सोशल वर्करची नेमणूक केली. पहिल्या महायुद्धात मनाने कोलमडलेले सैनिक घरी परतू लागले, तेव्हा मनोविकारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षित सोशल वर्करची गरज भासली आणि १९१८ मध्ये स्मिथ कॉलेजात तसं शिक्षण सुरू झालं.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. हीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’ झाली. १९३७ मध्ये या संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. मुलांच्या वागण्यातल्या अडचणींकडे घरासकट बघणारं देशातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय सोशल वर्करची नेमणूक झाली. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी महाविद्यालयं उभी राहिली.

म्हणजे हे शिक्षण महाराष्ट्रात नव्वद वर्षांचं होत आलं आहे. पण ते वाढलं मुख्यतः मुंबई-पुणे-नागपूरच्या आधाराने. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात मनोरुग्णालय या शिक्षणाच्या पन्नास वर्षं आधीचं आहे, आणि काम शिकायचं तर मुलांना बहुतेकदा जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

प्रत्यक्षात काम कसं चालतं?

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका खऱ्या व्यक्तीचं नाही, पण कोकणात काम करणाऱ्याला त्यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही.

समजा, लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली पस्तिशीची बाई आहे. नवरा मुंबईत नोकरीला. ती, सासू आणि दोन मुलं गावी. तिची झोप उडाली. कानात माणसं बोलल्यासारखी वाटू लागली. शेजारी आपल्यावर करणी करताहेत, असं ती म्हणू लागली. घरच्यांनी देवाला कौल लावला, मग कुणीतरी सांगितलेल्या भगताकडे नेलं. यात सात-आठ महिने गेले. एका रात्री ती घराबाहेर निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी महामार्गावर सापडली. तेव्हा कुठे तिला रुग्णालयात आणलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, औषधं सुरू झाली आणि काही आठवड्यांत आवाज कमी झाले.

डॉक्टरांच्या दृष्टीने उपचार लागू पडला. सोशल वर्करच्या कामाला मात्र पहिल्याच दिवशी सुरुवात झालेली असते. तिला कोण घेऊन आलं, कोण आलं नाही, कागदावर कुणाचा फोन नंबर दिला, तो लागतो का, ही पहिली माहिती. मग सविस्तर केस हिस्टरी: त्रास कधीपासून, त्याआधी घरात काय घडलं, माहेरी असा आजार कुणाला होता का, बाळंतपणं कशी झाली, जमीन कुणाच्या नावावर आहे, दारूचा प्रश्न आहे का? हे सगळं घराच्या नकाशात मांडतात. वंशवृक्षासारखी एक आकृती काढायची आणि त्यात कोण कुणाच्या जवळ, कुणाचं कुणाशी वितुष्ट, हे रेषांनी दाखवायचं. त्याला जीनोग्राम म्हणतात.

नंतर घरभेट. सासू स्पष्ट म्हणते, ‘ती परत आली तर पोरांचं काय?’ नवखा विद्यार्थी इथे चटकन बाजू घेतो. त्याला सासू निष्ठुर वाटते. अनुभवी पर्यवेक्षक त्याला थांबवतो आणि विचारतो: सात-आठ महिने रात्र रात्र जागं कोण होतं? मुलांना शाळेत कोण पाठवत होतं? सून सापडेपर्यंत त्या रात्री कोण कंदील घेऊन फिरलं? सासूच्या बोलण्यात राग असेल, पण त्याखाली भीती आणि थकवा आहे. तिच्याशी ‘आजी, तुमची झोप कशी आहे?’ इथून बोलणं सुरू केलं, तर दार उघडतं. ‘तुम्ही सुनेला टाकलंत’ म्हटलं, तर ते कायमचं बंद होतं.

नवरा फोनवर ‘हो, हो’ म्हणतो, येत मात्र नाही. त्याच्याशी नीट बसून बोलायचं, तर तो गावी येण्याचा मुहूर्त गाठावा लागतो: गणपती किंवा शिमगा. कोकणात काम करणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये हे दोन सण कामाचेच असतात, कारण एरवी चार दिशांना असलेलं कुटुंब त्याच वेळी एका घरात सापडतं.

मग व्यवहाराचे प्रश्न येतात. दर महिन्याला रत्नागिरीला यायचं, तर एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जवळच्या शासकीय रुग्णालयात औषधं मिळतील का, याची सोय लावायची. आजाराने कामाची क्षमता बराच काळ कमी राहिली असेल, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळवायला मदत करायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर अनेक सवलतींची दारं उघडतात. उत्पन्न अगदी कमी असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांना धोक्याच्या खुणा शिकवायच्या. हिच्या बाबतीत पहिली खूण झोप उडणं ही होती. पुन्हा दोन-तीन रात्री झोप लागली नाही, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं.

कौलाचं काय? त्याची टिंगल करून चालत नाही. देवावर श्रद्धा असलेल्या घरात ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून सुरुवात केली, तर पुढचं कुणी ऐकत नाही. ‘गाऱ्हाणं घाला, नवस फेडा, पण गोळी एक दिवसही चुकवू नका’ हे वाक्य जास्त उपयोगी पडतं. मात्र मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं असं काही चालू असेल, तर तिथे तडजोड नाही.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १९ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी अर्ध्या वाटेवरची निवासगृहं किंवा गटाने राहायची घरं उभारणं, किंवा तशा सोयींना मदत करणं, ही सरकारची जबाबदारी आहे. ९८ वं कलम सांगतं, की रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन त्याच्याशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी आणि घरच्यांशी बोलून व्हायला हवं.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात काय होऊ शकतं, ते जुलै २०२१ मध्ये दिसलं. महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतल्या बऱ्या झालेल्या काही रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, ते ताबडतोब थांबवा, असं न्यायालयाने बजावलं. कारण असं हलवण्याने रुग्णालयातली खाट रिकामी होते, माणसाचं पुनर्वसन होत नाही.

खरा अडसर इथेच आहे. न्यायालय आदेश देऊ शकतं, डॉक्टर ‘घरी जाण्यास योग्य’ असा शेरा लिहू शकतो. पण बदललेला पत्ता शोधणं, वीस वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भावाला गाठणं, त्याच्या बायकोची समजूत काढणं, हे काम आदेशाने होत नाही. कुणीतरी गाडीत बसून त्या वाडीवर जावं लागतं. कर्जतजवळच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं काम हेच सांगतं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवणाऱ्या या संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात औषध असतंच, पण रुग्णाच्या तुटक बोलण्यातून त्याचं गाव ओळखणं आणि त्या गावापर्यंत त्याच्यासोबत जाणं हा त्याचा अर्धा भाग आहे.

रत्नागिरीत हे कौशल्य फार लागतं. कोकण रेल्वेचा मार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही जिल्ह्यातून जातात. मासेमारीच्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळपासून कर्नाटकापर्यंतची माणसं कामाला येतात. त्यांच्यातला कुणी आजारी पडला, तर त्याची भाषा समजणारं जवळ कुणी नसतं.

शिक्षणाच्या पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी एमएसडब्ल्यू. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम करता येतो. यात वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयात, संस्थेत किंवा वस्तीत काम करतो आणि शेवटी काही आठवडे सलग एका ठिकाणी जातो. त्याच्या कामावर एक पर्यवेक्षक असतो. दर आठवड्याला विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद तो वाचतो आणि त्यावर समोरासमोर चर्चा होते.

दूरस्थ शिक्षणानेही एमएसडब्ल्यू करता येतं. इग्नूचा तसा अभ्यासक्रम आहे आणि नोकरी करणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. पण ज्याला क्लिनिकल कामात जायचं आहे, त्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या चुका माझ्यासमोर बसून दाखवणारं कुणी मला मिळणार आहे का? पोहणं पुस्तकातून शिकता येत नाही, तसंच हे.

दुसरी पायरी एमफिलची, आणि इथे सध्या खरी गुंतागुंत आहे. २०१७ च्या कायद्याने ‘सायकिॲट्रिक सोशल वर्कर’ची व्याख्या केली आहे: सोशल वर्कची पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर पर्यवेक्षणाखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, किंवा नियमांत ठरवून दिलेली मान्य पात्रता. म्हणजे नुसत्या एमएसडब्ल्यूवर रुग्णालयात आणि संस्थांत काम मिळू शकतं, पण कायद्यातलं ते नाव लावायला पुढचं शिक्षण हवं. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बरदलै संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणं.

पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एमफिल ही पदवीच बंद करायचं ठरवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ते अमलात आणलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांना प्रवेश थांबवायला सांगितलं. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातून अर्थातच ओरड झाली, कारण इथे एमफिल ही संशोधनाची हौस नव्हती, ती प्रॅक्टिसची पात्रता होती. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांसाठी एमफिलची मान्यता २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली.

याचा अर्थ, मोठ्या भावंडाने किंवा कॉलेजातल्या सीनियरने जी वाट सांगितली, तीच वाट तशीच उघडी असेल, असं धरून चालू नये. प्रवेश घेताना त्या वर्षीची आयोगाची सूचना आणि संस्थेची मान्यता हे दोन कागद स्वतः वाचायचे.

तिसरी गोष्ट नोंदणीची. अमेरिकेत एमएसडब्ल्यूनंतर साधारण दोन वर्षं पर्यवेक्षणाखाली काम करून आणि परीक्षा देऊन राज्याचा परवाना मिळतो. मगच स्वतंत्रपणे मानसोपचार करता येतो. आपल्याकडे डॉक्टर किंवा वकिलासारखी सोशल वर्करची सनद नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने पहिलं पाऊल टाकलं. त्याच्या अनुसूचीत क्लिनिकल, सायकिॲट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर ही तिन्ही नावं स्पष्टपणे आली आहेत. या कायद्यात शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि नोंदवही ठेवणं अभिप्रेत आहे. जो विद्यार्थी आज एमएसडब्ल्यूला आहे, त्याच्या नोकरीच्या काळात हे चित्र बरंच पालटेल.

पुस्तकाबाहेरचं काय शिकावं लागतं?

*ऐकणं.* कोकणात ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘डोकं जड होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात त्राण नाही’, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ अशा शब्दांत मन बोलतं. मालवणी, संगमेश्वरी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली, तर ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणते आणि काहीच सांगत नाही. इथे स्थानिक विद्यार्थ्याकडे जे आहे, ते मुंबईच्या उत्तम पदवीधराकडे नसतं.

*गुप्तता.* कायद्याच्या २३ व्या कलमाने ती हक्क म्हणून दिली आहे. पण वाडीवर ती पाळायची कशी? मनोरुग्णालयाचं नाव लिहिलेली गाडी अंगणात थांबली, की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला खबर होते आणि घरातल्या मुलीचं लग्न अडतं. म्हणून घरभेटीआधी विचारायचं: घरी यावं, की तालुक्याच्या ठिकाणी भेटावं? गाडी वरच्या रस्त्याला ठेवून चालत यावं का? शेजाऱ्याने वाटेत विचारलं, तर काय सांगायचं, हेही आधी ठरवायचं.

*लिहिणं.* ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे वाक्य फायलीत सहज लिहिलं जातं. त्याऐवजी ‘तीन वेळा विचारल्यावरही जेवला नाही, नंतर म्हणाला की जेवणात विष असल्याचं वाटतं’ असं लिहिलं, तर पुढच्या माणसाला काही कळतं. पहिल्या वाक्यात ठपका आहे, दुसऱ्यात निरीक्षण.

*आत्महत्येबद्दल थेट विचारणं.* ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारलं, तर डोक्यात नसलेला विचार येईल, अशी पुष्कळांना भीती वाटते. ती चुकीची आहे. शांतपणे विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. हे विचारता येणं, उत्तर ऐकून न घाबरणं, त्या माणसाला एकटं न सोडणं आणि लगेच डॉक्टरांना गाठणं, याचा सराव करावा लागतो. सामान्य वाचकानेही एक क्रमांक लक्षात ठेवावा: टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास चालते.

*आपली मर्यादा ओळखणं.* औषधाचा डोस बदलायचा सल्ला देणं सोशल वर्करचं काम नाही. रुग्णाला पदरचे पैसे देणं, आपला खासगी नंबर देऊन रात्री-अपरात्री उपलब्ध राहणं, हे चांगुलपणातून सुरू होतं आणि महिन्याभरात दोघांनाही जड जातं. पर्यवेक्षकाबरोबरची दर आठवड्याची बैठक यासाठीच असते. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्याला स्वतःचं ओझं कुठेतरी उतरवता आलं पाहिजे.

नोकरी कुठे मिळते?

सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद असतं, वैद्यकीय आणि मनोविकृती अशा दोन प्रकारांत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे दुसरं ठिकाण. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, आणि त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग १९९६ पासून सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि परिचारिकेसोबत सायकिॲट्रिक सोशल वर्करची जागा असते. मनोरुग्णालयाबाहेर, तालुक्याच्या पातळीवर उपचार नेणं हा त्याचा हेतू. याशिवाय व्यसनमुक्ती केंद्रं, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, कौटुंबिक न्यायालयं, पोलीस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष, शाळा आणि स्वयंसेवी संस्था यांतही हे पदवीधर काम करतात.

चित्र गुलाबी नाही. पुष्कळ जागा कंत्राटी असतात, काही रिकाम्या राहतात, आणि जागा भरली तरी रुग्णालयात सोशल वर्करला कारकुनी कामाला जुंपलं जातं. पण गरज मात्र खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. ही दरी नुसते डॉक्टर वाढवून भरणार नाही. डॉक्टरपर्यंत आणणारं आणि डॉक्टरकडून घरी नेणारं माणूस दोन्ही टोकांना लागेल.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावं?

या क्षेत्रात यायचा विचार असेल, तर महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे आहेत:

- वैद्यकीय व मनोविकृती विशेषीकरण खरोखर शिकवलं जातं, की फक्त माहितीपुस्तकात आहे?
- क्षेत्रकार्य कोणत्या रुग्णालयांत, संस्थांत होतं? आठवड्याला किती दिवस?
- पर्यवेक्षक स्वतः क्लिनिकल काम केलेला आहे का? त्याच्याकडे किती विद्यार्थी असतात?
- विद्यार्थ्यांना घरभेटींना नेतात का, की ओपीडीतल्या नोंदीच लिहायला बसवतात?
- पुढच्या पात्रतेला आयोगाची त्या वर्षीची मान्यता आहे का?

आणि एक प्रश्न स्वतःसाठी. शिक्षण संपल्यावर काम कुठे करणार? मुंबई-पुण्यात संधी जास्त आहेत, तिथे राहण्यात गैर काही नाही. पण कोकणातल्या मुला-मुलीने हा अभ्यासक्रम केला, तर तिच्या हाती एक अशी गोष्ट असते जी कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. वाडीवरची वाट, बोलण्यातली खोच, सणांचं वेळापत्रक आणि ‘कुणाची गं तू?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आधीपासूनच असतं. हे उत्तर देता आलं, की अंगणातून पडवीत बोलावलं जातं. क्लिनिकल सोशल वर्कची सुरुवात पडवीत होते.